भुवईवरची चंद्रकोर

टाउनो केम्पाइनेनने बंदुकीवर दुर्बीण बसवली, की लेपिवारा गावातल्या शिकारी मंडळींत त्या बंदुकीबद्दल पुढे कोणी शंका काढत नसे. सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे त्याची खोली होती. तिथे जुन्या बुटांच्या चामड्याने मढवलेली, बंदूक धरून ठेवणारी लाकडी पकड आणि खिडकीपाशी एक बाक. आधी बंदुकीवरच्या स्क्रूच्या भोकांतलं तेल पुसायचं, मग स्क्रूला थेंबभर गोंद लावायचा, मग समोरच्या गोठ्याच्या दाराला शिसं बांधून लोंबवलेल्या मासेमारीच्या दोरीशी दुर्बिणीतली उभी रेघ जुळवायची. मजुरी म्हणजे कॉफीचा पुडा, फार तर धुरावलेला मासा.

पण शेवटचं काम बंदुकीच्या मालकाशिवाय होत नसे. त्याने शिकारीचा जाड कोट घालून बाकावर बसायचं, डोळे मिटून दस्त्यावर गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. कडेला काळी सावली न येता पूर्ण गोल दिसेपर्यंत टाउनो दुर्बीण मागेपुढे सरकवी आणि तिथेच तिला धरणाऱ्या कड्या आवळी. "दुर्बीण बंदुकीवर नाही, माणसाच्या मानेवर बसवायची असते," हे त्याचं पालुपद ऐकून गावाचे कान किटले होते. शिकारीचा म्होरक्या रेयो याच्या भावाने एकदा नुसतीच बंदूक पाठवून दिली, तर टाउनोने ती तशीच परत केली आणि निरोप धाडला, "आता मान पाठव."

अशा माणसाने सुनेच्या बंदुकीला मात्र तिची मान लागू दिली नाही.

मिन्ना गावोगाव टपाल वाटायची. नवरा स्वीडनमधल्या खाणीत, दोन पोरं घरी. तिने वसंतात उसन्या बंदुकीवर नेमबाजीची परीक्षा पहिल्या फटक्यात पार केली आणि उन्हाळ्यात स्वतःच्या कमाईतून नवी बंदूक नि दुर्बीण आणली. पोरांच्या तोंडचं 'उक्की', म्हणजे आजोबा, तिनेही उचललं होतं. "उक्की, दुर्बीण तुमच्याच हातची हवी," म्हणत तिने दोन्ही त्याच्या बाकावर ठेवलं.

टाउनोने ती दुर्बीण सहज डोळ्याला लावली आणि तिथेच घसरला. त्याच्या स्वतःच्या दुर्बिणीत आतून धुकं धरलं होतं, आणि हे तो कोणाला सांगत नव्हता. हिच्यातून संध्याकाळीसुद्धा जंगलाच्या कडेचं पानन् पान दिसत होतं. त्याने मनाशी म्हटलं, पोरगी एक हंगाम टिकेल. थंडी, पोरं, टपाल, मग कंटाळेल. बंदूक कुठे जाते, घरातच तर राहील. आणि त्याने स्वतःचा गाल टेकवला, स्वतःचे डोळे मिटले, उघडले आणि कड्या आवळल्या. मिन्नाला हाक मारली असती तर ती अंगणातच होती, कपडे वाळत घालत होती.

टाउनोची मान म्हणजे नावालाच, डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं. मिन्ना उंच आणि मानेने लांब. दस्त्यावर गाल टेकवला की तिचा डोळा त्याच्यापेक्षा चांगला दोन बोटं पुढे जाई.

सप्टेंबरात सगळे खडीच्या खाणीत नेम तपासायला जमले. मिन्नाने पहिली गोळी झाडली, बंदूक मागे उसळली आणि दुर्बिणीची कड तिच्या उजव्या भुवईत घुसली. ती उठून उभी राहिली तेव्हा रक्त नाकावरून ओघळून नारिंगी जाकिटावर ठिबकत होतं. भुवईवर स्वच्छ अर्धगोल काप.

"चंद्र उगवला रे," रेयो म्हणाला.

"आज तिथी कुठली?" मागून कोणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

रेयोने तिच्या हाती रुमाल दिला. "दुर्बीण कोणी बसवली?"

"उक्कींनी."

"मग बंदुकीत खोट नाही." त्याने टाउनोकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं.

टाउनोला काप बघताक्षणी कळलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, "खांद्याला घट्ट लावली नसेल. नवशिक्यांचं होतं असं."

मिन्नाने रुमालाआडून त्याच्याकडे पाहिलं. "असेल," ती म्हणाली.

पुढच्या गोळ्यांना तिने मान मागे ओढली, चाप दाबण्याआधीच डोळे मिटले आणि सगळ्या गोळ्या खडीत गेल्या. रेयोची नजर तिच्या मिटत्या डोळ्यांवर होती. ती नजर टाउनोला चांगली ओळखू येत होती.

घरी धाकट्या नातवाने विचारलं, "आई मूस हरणाला धडकली का?" आणि मिन्ना हसली. टाउनोने आयुष्यात कधी कोणाचं काही चोरलं नव्हतं, आणि आता सुनेची बंदूक तिच्याच हातात ठेवून चोरली होती. वर तिलाच अडाणी ठरवलं होतं. लाज वाटते म्हणजे काय होतं, हे त्याला साठी उलटल्यावर कळलं. तिच्या भुवईवरची पट्टी दिसू नये म्हणून तो ताटाकडे बघून जेवू लागला.

चारेक दिवसांनी त्याने तिला हाक मारली. "बंदूक घेऊन ये. कोट घालून ये."

तो तिला बाकावर बसवून म्हणाला, "डोळे मीट. गाल टेकव. उघड."

"सगळं काळं काळं दिसतंय."

त्याने कड्या सैल करून दुर्बीण पुढे सरकवली. "आता?"

"आता पूर्ण दिसतंय." तिने मान उचलली. दुर्बिणीच्या नळीवर, कड्यांच्या दोन बोटं पुढे, आधीच्या कड्यांचे चकचकीत वळ उमटले होते. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं. "ही जागा कोणाच्या मानेची होती, उक्की?"

"माझ्या."

"का?"

टाउनो स्क्रू पुसत राहिला. "मला वाटलं, तू सोडून देशील."

तिने भुवईवरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, "मला वाटलं, मीच घाबरट."

दोघं खाणीत गेली. पहिल्या तीन गोळ्यांना तिचे डोळे मिटलेच. चौथी लागली आणि पुढच्याही लागल्या. पण ते बघायला टाउनोशिवाय कोणी नव्हतं.

ऑक्टोबरात शिकारीच्या पहिल्या सकाळी शेकोटीभोवती रेयोने टोपी फिरवली. टोपीत जागांचे आकडे कोरलेल्या खुंट्या होत्या. जो आकडा येईल तिथे दिवसभर उभं राहायचं. टोपी मिन्नापाशी आली तेव्हा रेयोने ती पुढे नेली आणि तिच्या हाती कॉफीची किटली दिली. "तू आज शेकोटीपाशी. मिटल्या डोळ्यांनी गोळी सुटली तर माणूस जाईल."

टाउनो उभा राहिला. "रेयो, चूक तिची नव्हती. दुर्बीण मी चुकीची बसवली होती."

सगळ्यांना हसू फुटलं.

"बस रे," रेयो म्हणाला. "सुनेला पाठीशी घालावं, पण किती?"

"खरं सांगतोय. तिला बसवून बघितलंच नव्हतं."

"तू? माझ्या भावाला मान पाठव म्हणणारा तू?" रेयोने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरं, का नाही बसवलंस?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. टाउनो म्हणाला, "राहून गेलं."

"टाउनोचं राहून गेलं," कोणीतरी म्हणालं. "असा सासरा मिळायला नशीब लागतं, मिन्ना."

मिन्ना कप भरत आली. वडीलधारा म्हणून त्याचा कप पहिला. कॉफी ओतता ओतता ती एवढंच म्हणाली, "खरं कारण सांगितलंत, तर पटेल त्यांना."

टाउनोने कप ओंडक्यावर ठेवला.

"मला ती बंदूक हवी होती," तो म्हणाला. आवाज फार मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्या दुर्बिणीत आता धड दिसत नाही. ही सोडून देईल, मग आपल्याला मिळेल, म्हणून माझ्या मानेला बसवली. रक्त आलं तेव्हा कळलं होतं. तरी तिच्यावर ढकललं."

या वेळी कोणी हसलं नाही. कोणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. रेयोने काडीने निखारे सारखे केले.

"आता लागतात का हिच्या गोळ्या?"

"लागतात."

रेयोने हात पुढे केला. टाउनोने आपली खुंटी त्याच्या तळव्यावर ठेवली आणि रेयोने ती मिन्नाला दिली. मंडळी बंदुका उचलून झाडीत पांगली.

दिवसभर टाउनो किटलीपाशी बसून होता. अधूनमधून एकेक जण येई, शेकोटीला हात शेकी, स्वतःच कॉफी ओतून घेई आणि जाई. एरवी त्याला दुर्बिणीबद्दल काही ना काही विचारल्याशिवाय न राहणारी माणसं.

अंधारायच्या आधी मिन्ना आली. बंदूक झाडाला टेकवून ती समोर बसली आणि तिने आपला रिकामा कप त्याच्यापुढे धरला.

"अर्धाच," ती म्हणाली.