घूस खाली, खवल्या वर

"ह्यो गेला का गेला. दुसरा गावायचा नाय," असं म्हणत काका कपाटाची किल्ली कमरेला खोचायचे.

काका म्हणजे पनवेलच्या आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राच्या लॅबचे अटेंडंट. चित्र काढायला घूस मागितली तर म्हणायचे, "ने पोरी. हापटलीस तरी चालंल. मच्छी मार्केटमागं ढीग हाय." पण पेंढा भरलेलं खवल्या मांजर मागितलं की काचेतूनच बघायचं. माझ्या वहीत त्याची शेपटी अर्धीच आहे, कारण कपाटाची चौकट आड येत होती. असा माणूस तुम्हालाही भेटला असेल, डोकं फिरतं.

माझे बाबा मिठागरात राबले. घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच. नापास झाले तर शिक्षण बंद, हे बाबांनी सांगूनच ठेवलं होतं.

शेवटच्या वर्षी सरांनी मला प्रोजेक्ट दिलं: कपाटातले सस्तन प्राणी पुस्तकातल्या वर्गीकरणाप्रमाणे लावायचे. दोन दिवस खपून लावले, चिठ्ठ्या चिकटवल्या. परीक्षेच्या सकाळी बघते तर घूस, उंदीर खालच्या कप्प्यात. खवल्या आणि पाणमांजर वर, शेजारीशेजारी.

"काका, माझं वर्ष जाईल!"

"उंदराला कायबी खायला चालतं, पोरंबी ढीगभर. ह्या खवल्याला मुंग्या नायतर वाळवीच लागते, पिल्लू एकच. घाबरला का गोळा होऊन बसतो. बिबट्याचा दात लागत नाय, पन मानसाला उचलायला सोपा. मंग तो वर नको?"

"पुस्तकात असं नाहीये!"

"मंग पुस्तक चुकलं."

तेवढ्यात बाहेरचे परीक्षक आलेच. "खवल्या आणि पाणमांजर एकत्र? हा कुठला क्रम?"

काका दारात बरणी पुसत उभे. मी रागानेच बोलले. "कोण आधी संपेल त्याचा क्रम आहे, सर." खवल्याचं सगळं काकांचंच सांगितलं.

"आणि पाणमांजर?"

ते काकांनी सांगितलं नव्हतं. पण आमच्या गावची खाडी माझ्या डोळ्यांसमोर बुजली होती. "त्याला पाणी आणि मासेच लागतात, सर. खाडीत भराव पडला की उंदीर बिल्डिंगीत येतो. पाणमांजर कुठे जाणार?"

परीक्षकांनी चष्मा काढला, कपाट पुन्हा नीट बघितलं आणि मार्क लिहिले.

निकाल लागायच्या आत काका रिटायर होऊन त्यांच्या गावी शिरढोणला गेले आणि तिथेच वारले. कुणी मला कळवलंही नाही. त्यांना पेढा द्यायचा राहिला, याचा मला अजून राग येतो.

मी पास झाले. आमच्या घरातली पहिली बी.एस्सी.