हसण्यामागची व्हायोलिनं

कनकलताच्या हाताखालून गेलेल्या लग्नाच्या फिल्ममध्ये कुणी दुःखी दिसत नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, नवऱ्याच्या जुन्या फोटो स्टुडिओत बसून ती वर्षानुवर्षं हेच करत आलीय. नवरी रुसून तोंड फिरवते, तिथं नादस्वरम घालायचं; ती लाजल्यासारखी दिसते. नवरदेव जांभई देतो, तिथं बासरी. तो स्वप्नात हरवतो. "चित्र बिचारं मुकं. वाद्यं सांगतील ते ऐकतं," ती म्हणायची.

लेकीची फिल्म तिनं सवडीनं केली. रिसेप्शनला अखिला मान वर करून हसते आणि नेमकी तेव्हाच व्हायोलिनं उसळतात. या जागेवर ती स्वतःच खूश होती. पहिल्या दिवाळीला लेक-जावई पापनाशमहून येणार, त्या सकाळी तिनं नुसतं बोलणं तपासायला संगीत बंद केलं. जावयाच्या, साईरामच्या कोटावरच्या माइकमधून दबका आवाज आला, "हास. हास म्हटलं ना." मग बांगड्या करकरल्या. मग अखिला हसली.

फोनवर लेक रोज "बरं आहे, आई" म्हणायची. शेजारी साईराम खाकरलेला ऐकू यायचा.

घरी आल्यावरही तो तिला एकटीला सोडेना. ती कॉफी करायला उठली, तर हा स्वयंपाकघराच्या दारात.

"मामी, फिल्म लावा की. मग बस गाठायचीय."

कनकलतानं लावली. मंगळसूत्र बांधताना ढोलासारखं तविल दणाणलं. साईराम मांडीवर ताल धरून बसला. रिसेप्शन आलं आणि तिनं संगीत बंद केलं.

"हास. हास म्हटलं ना."

साईरामचा ताल थांबला. मग तोच हसला.

"फोटोग्राफर सारखा मागं लागला होता, मामी, म्हणून मी म्हटलं. काय गं?"

त्यानं अखिलाकडं पाहिलं. तिच्या ओठांवर तेच, पडद्यावरचं हसू येऊ लागलं. कनकलता बघत राहिली. इथं घालायला तिच्या हाताशी एकही वाद्य नव्हतं.

हसू अर्ध्यावरच राहिलं.

"फोटोग्राफर काही म्हणाला नव्हता," अखिला म्हणाली.

साईराम उठला. "चल. बस चुकेल."

"तुम्ही निघा."

त्यानं सासूकडं पाहिलं. कनकलता उठली, दाराशी ठेवलेल्या दोन बॅगांपैकी लेकीची उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.