रंगनाथबुवांच्या सतरा चाली

भिंगारच्या लष्करी कचेरीत अडतीस वर्षं कारकुनी करून नृसिंहराव धर्माधिकारी निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात एकही चिटोरा सापडला नाही. कचेरीचा नियमच तसा होता. पक्की प्रत टाइप होऊन तिच्यावर सही पडली की कच्ची फाडायची, आणि नुसती फाडायची नाही, मशीनमध्ये घालून तिची शेव करायची. बाकीचे कारकून हा नियम साहेब समोर असले की पाळत. नृसिंहराव तो घरीही पाळत. वाण्याचं बिल यादीशी जुळलं की यादीच्या चिंध्या व्हायच्या, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या पत्नी सुचित्राबाई तीच यादी डोकं खाजवत नव्याने लिहीत. शाळेत तीस वर्षं पोरं हाकलेल्या बाई त्या. नवऱ्याला बोलून उपयोग नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं.

या नीटनेटक्या माणसाला व्यसन एकच. पेटी. दर गुरुवारी संध्याकाळी स्कूटरला पेटी बांधून ते जामखेडच्या रस्त्याने आठ मैलांवरच्या एका वाडीवर जात. तिथल्या भजनी मंडळात त्यांनी सत्तावीस वर्षं पेटी वाजवली. वाडीवर त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. कारकून दिसला की भाऊसाहेब म्हणायची नगरकडची रीतच आहे, त्यात फार मान असतो असं नाही.

मंडळाचे बुवा रंगनाथ. सहा एकर जिराईत, दोन म्हशी आणि चाळीसेक चाली एवढी त्यांची इस्टेट. अभंग तेच, सगळीकडे म्हटले जातात ते, पण चाली त्यांच्या चुलत्याकडून आलेल्या, आणि त्या दुसरीकडे कुठे ऐकू येत नसत. बुवा एक ओळ म्हणत आणि थांबत. मग टाळकरी ती ओळ उचलत, कधी दोनदा, कधी तीनदा, कधी अर्ध्यातच सोडून देत. किती वेळा, ते बुवांचा उजवा हात सांगे. हात वर गेला की उचलायचं, खाली आला की गप्प बसायचं. त्यामुळे मंडळात कुणी कधी मोजायला शिकलंच नाही. पखवाज वाजवणारा बुवांचा मुलगा अमृत, बापाला तो नाना म्हणे, तोसुद्धा बापाच्या हाताकडे बघूनच वाजवी.

गेल्या वर्षी बुवांचा आवाज बसला आणि सुटेचना. आधी काढे झाले, मग नगरचे डॉक्टर, मग पुण्याचे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

मोबाईलवर शूट केलेली भजनं ढीगभर होती, पण ती दोन-दोन मिनिटांची, आणि टाळांच्या खणखणाटात बुवा शोधून काढावे लागत. नगरात स्टुडिओ आहेत. बुवांनी साफ नकार दिला. पूर्वी एकदा ते कॅसेटसाठी गेले होते, तिथल्या माणसाने काचेमागून सारखं घड्याळ दाखवलं होतं. ते म्हणाले, घड्याळ लावून म्हैस पन दूध देत न्हाई.

तेव्हा नृसिंहरावांनी ठरवलं की आवाज आपण घरीच धरायचा. आयुष्यात त्यांनी फारशी घाई केली नव्हती, ती इथे केली.

नगरात वैजनाथ नावाचे एक गृहस्थ जुने कॉम्प्युटर विकतात. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षं वापरून जी मशीनं काढून टाकतात, ती यांच्या दुकानात थप्पी लावून असतात. नृसिंहरावांनी वहीत अकरा प्रश्न लिहून नेले होते. वैजनाथांनी ते सगळे ऐकून घेतले आणि सांगितलं की गाण्याला कॉम्प्युटरची चमकदार पेटी लागत नाही, आत दिवे लागणारी तर मुळीच नाही. प्रोसेसर बेताचा चालेल, रॅम सोळा जीबी टाका, जुनी घरघरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, आणि उरलेले पैसे माइकवर घाला. एसएसडी लहान घेतली तर आणखी हजारभर वाचतात, असंही ते म्हणाले. नृसिंहरावांनी लहान घेतली. मशीन, माइक, माइकची वायर ज्यात खुपसतात तो साउंड कार्डचा डबा आणि हेडफोन, सगळं पंचवीस हजारांच्या आत बसलं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळालं, ते त्यांना दोन दिवस संशयास्पद वाटत राहिलं.

मशीन निवृत्त होतंच, वर दमेकरीही निघालं. त्याचा पंखा माइकला स्पष्ट ऐकू यायचा. मग कॉम्प्युटर गेला स्वयंपाकघरात, ओट्यावर, डाळींच्या डब्यांशेजारी. वायर दाराखालून मधल्या खोलीत नेली. खोलीच्या भिंतींना गाद्या टेकवल्या, खिडकीला तीन गोधड्या लावल्या. रेकॉर्डिंग चालू असताना फ्रीज बंद ठेवायचा असं ठरलं, आणि तो नंतर चालू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दोन लिटर दूध नासलं. सुचित्राबाईंनी त्याचं पनीर केलं आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे रागावल्या होत्या.

बुवांच्या कानाला हेडफोन लावला तर निराळीच भानगड. स्वस्तातल्या जुळणीत एक खोड असते. आपण गातो तो आवाज आतून फिरून आपल्याच कानात किंचित उशिरा येतो. बुवांनी एक ओळ म्हटली, दचकून मागे पाहिलं आणि विचारलं, “माझ्यामागं कोन चाळं करतंय?” नृसिंहरावांनी अर्धा दिवस खटपट करून तो फिरून येणारा आवाज बंद केला. मग बुवांच्या एका कानात नुसता तंबोरा सोडला. पखवाज नको, टाळ नको, पेटीही नको, बुवांचा आवाज तेवढा कोरा धरायचा; बाकीचं मंडळ सवडीने गाईल आणि ते मागाहून जोडू, असा हिशेब होता.

सहा दिवसांत सतरा चाली झाल्या. बुवा दुपारी येत, गरम पाणी पीत, दार लावून घेत. नृसिंहराव ओट्यापाशी उभे राहून पडद्यावरची हिरवी रेघ हलताना बघत. पलीकडे माळावर लष्कराचं फायरिंग सुरू झालं की थांबायचं, ते संपलं की पुन्हा सुरू. सातव्या दिवशी बुवांच्या गळ्यातून सूरच निघेना. चाळीसातल्या सतरा हाती लागल्या. बुवा म्हणाले, “सतरा तर सतरा. चुलत्याच्या मागं माझ्याबिगर काईच ऱ्हायलं नव्हतं.” आठवड्याने पुण्याला ऑपरेशन झालं.

बुवा दवाखान्यात असताना नृसिंहरावांनी पक्की प्रत करायला घेतली.

रेकॉर्डिंगमध्ये दर ओळीनंतर लांबलचक शांतता होती, आणि ती काही शांत नव्हती. दाराखालून येणारी पंख्याची घरघर होती, कुत्रं होतं, फायरिंगचे धपके होते, एका ठिकाणी भाजीवालाही होता. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. गाण्याहून हलका आवाज सेकंदाहून जास्त वेळ चालला की ती त्याला मोकळी जागा समजून कापते आणि मागचं-पुढचं आपोआप जवळ आणते. नृसिंहरावांनी ती सोय सतराही फायलींवर एकदम चालवली. काम इतकं स्वच्छ झालं की त्यांना कचेरीची आठवण आली. मग डिस्कवर जागा कमी म्हणून, आणि खरं सांगायचं तर हाताला सवय म्हणून, त्यांनी मूळ फायली पुसल्या आणि कचऱ्याचा डबाही रिकामा केला. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

पुढच्या रविवारी अमृत पखवाज घेऊन आला. पहिली फाइल लावली. तो दोन ओळी ऐकत राहिला, हात उचलला, खाली ठेवला. पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं, “भाऊसाहेब, नाना थांबायचे ती जागा कुठं गेली?”

नृसिंहरावांनी समजावून सांगितलं की तिथे काही नव्हतंच. आपण टाळकऱ्यांचा आवाज घेऊ आणि मधे घालू. अमृत म्हणाला, घालू, पन किती घालू? दोनदा का तीनदा? आन् नाना परत धरायचे ते समेवर का समेच्या अलीकडं? त्याला ठाऊक नव्हतं. नृसिंहरावांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं दोघांनीही हाताकडे बघूनच वाजवलं होतं.

सुचित्राबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या ट्रे ठेवत म्हणाल्या, “मी बुवांना गरम पाणी द्यायला आत गेले, तर ते एकटेच बसून कपाटाकडे बघत हात वर-खाली करत होते. मला हसू आलं होतं तेव्हा.”

बंद खोलीत, गाद्यांच्या भिंतींसमोर, बुवांनी अख्खं मंडळ मनात बसवून त्याला जागा दिली होती, आणि ती जागा नृसिंहरावांनी घरघर समजून फेकून दिली होती. चाल म्हणजे निम्मी ओळीत आणि निम्मी त्या थांबण्यात. त्यांना भयंकर लाज वाटली. हे काही कुणा अडाण्याने केलेलं नव्हतं. पेटी वाजवणाऱ्या माणसाने केलेलं होतं.

वैजनाथांकडे मशीन नेलं. त्यांनी पुसलेलं परत आणण्याचे दोन-तीन प्रयोग केले आणि मान हलवली. जुन्या डिस्कवर कधीकधी सापडतं, एसएसडी मागे काही ठेवत नाही, असं ते म्हणाले. अमृतने मोबाईलमधल्या क्लिपा उकरल्या. त्यातून दोन चालींचा थोडाफार अंदाज आला, तेवढंच.

आता बुवांना सांगणं आलं. नृसिंहरावांनी ते बारा दिवस लांबवलं. आधी बुवा दवाखान्यातून यायचे होते, मग टाके निघायचे होते, मग स्कूटरचं काहीतरी निघालं. शेवटी सुचित्राबाई म्हणाल्या की मी येते बरोबर, आणि स्कूटरवर मागे जाऊन बसल्या.

बुवा ओसरीवर बसले होते. गळ्यावर पांढरं फडकं, मांडीवर नातवाची पाटी. नृसिंहरावांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. काय केलं, कसं केलं, कशाला केलं. कारण सांगताना त्यांचं त्यांनाच ते टिनपाट वाटलं. बुवा ऐकत होते. मधे एकदा त्यांनी डोळे मिटले, ते बराच वेळ मिटलेलेच राहिले. मग त्यांनी पाटी ओढली आणि सावकाश लिहिलं, “मशीन चालू हाय का?”

पुढचे तीन महिने बुवा आठवड्यातून दोनदा भिंगारला येत. या वेळी दोन्ही कानांना हेडफोन लावत आणि हातात टाळ घेत. नृसिंहराव मशीन खोलीतच आणून त्यांच्यासमोर बसत, माउस हातात घेऊन. पंख्याची घरघर येते तर येऊ दे. कानात बुवांचीच ओळ वाजायची. ओळ संपली की बुवांचा हात वर जाई, नृसिंहराव थांबवत. मग बुवा टाळ वाजवत, जेवढं थांबायचं तेवढंच, कधी दोन आवर्तनं, कधी अडीच, आणि हात खाली येई; तेवढी मोकळी जागा मोजून नृसिंहराव ती फाइलीत परत घालत. आपलाच आवाज असा तुकड्यातुकड्याने ऐकणं त्यांना सोपं जात नव्हतं. काही दिवस ते दोन ओळींनंतरच हेडफोन काढून ठेवत आणि अंगणात जाऊन बसत. नृसिंहराव त्यांच्या शेजारी जाऊन बसत.

सोळा चाली अशा बसल्या. सतरावी बसेना. चुलत्याने ती अगदी शेवटी दिली होती, वर्षातून एखाद्या वेळी म्हटली जाई, आणि तिच्यातलं थांबणं प्रत्येक ओळीला वेगळं होतं. बुवांनी ती चार दिवस ऐकली. वेगवेगळ्या तऱ्हेने टाळ वाजवून पाहिले. शेवटी टाळ खाली ठेवले आणि दोन्ही हातांचे तळवे उताणे करून दाखवले. गात असताना ते थांबणं आपोआप यायचं. गळा गेला, त्याच्याबरोबर तेही गेलं. नृसिंहराव त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता गुरुवारी वाडीवर भजनाला एक स्पीकर असतो. त्यातून बुवांची ओळ येते आणि स्पीकरशेजारी बसलेले बुवा हात वर करतात. टाळकरी ओळ उचलतात, हात खाली येतो, पुढची ओळ वेळेवर येते. पाहुण्या माणसाला आधी चमत्कारिक वाटतं, दोन अभंगांनंतर वाटत नाही. सोळा चालींचं सगळं जिथल्या तिथे बसतं. मूळ फायली कशा गेल्या ते नृसिंहराव नव्या माणसाला आपण होऊन सांगतात. कुणी विचारलेलं नसतं.

सगळ्यात शेवटी बुवा सतरावी लावायला सांगतात. तिच्यात टाळकऱ्यांना जागा नाही, म्हणून सगळे टाळ मांडीवर ठेवून नुसते ऐकतात. अमृत म्हणतो की वडलांचं गाणं त्याने असं हात मोकळे ठेवून आधी कधी ऐकलंच नव्हतं. ओळीमागून ओळ येत राहते. नृसिंहरावांची बोटं मात्र दर ओळीनंतर पेटीवर जातात, आणि तोवर स्पीकरमधले बुवा पुढच्या ओळीला लागलेले असतात.