अप्पांचं रिव्हॉल्वर, माझा परवाना

माझ्याकडे एक जुनं पोलिसी रिव्हॉल्वर आहे असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुम्हाला कशाला हो?’ त्यातल्या ‘तुम्हाला’वरचा जोर मला बरोबर ऐकू येतो. पन्नाशी उलटलेली, शाळेत गणित शिकवणारी, हैदराबादेत नारायणगुड्यात आईवडिलांबरोबर राहणारी बिनलग्नाची बाई आणि पिस्तूल, हे काही लोकांच्या डोक्यात बसत नाही. मी गंभीर चेहऱ्यानं सांगते, लोणच्याच्या कैऱ्या फोडायला. जे हसतात त्यांच्याशी माझं पुढे जमतं.

खरं उत्तर असं की ते अप्पांचं आहे. अप्पा म्हणजे माझे वडील. परभणीकडच्या शेतकरी घरातून ते हैदराबादला आले, पोलिसात लागले आणि इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. खात्यानं जुनी हत्यारं बाद केली तेव्हा इतकी वर्षं कमरेला वागवलेलं हे रिव्हॉल्वर त्यांनी रीतसर परवानगी काढून विकत घेतलं. ऐंशी ओलांडल्यावर म्हणाले, आता परवाना तुझ्या नावावर करून घे. त्यासाठी मी प्रशिक्षण घेतलं, परवाना देणाऱ्या साहेबांसमोर उभी राहिले, घरी चौकशीला शिपाई येऊन गेला. शेजारच्या खालाजाननी त्याला सांगितलं, “गुस्सेवाली है, पन दिल की अच्छी है.” तरीही परवाना मिळाला.

कागदावर माझं झालं, पण घरात ते अप्पांचंच राहिलं. ते त्यांच्या लोखंडी कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला. मला नेमबाजीच्या रेंजवर जायचं असलं की मी मागायची, आणि ते ठाण्यातून हत्यार द्यावं अशा थाटात काढून द्यायचे. त्यात ते भरलेलं ठेवायचे. यावरून आमचं नेहमी वाजायचं. काही झालं तर जबाबदार मी, हे मी त्यांना कितीदा ऐकवलं. त्यांचं एकच उत्तर, “रिकामं ठेवायला ते काय पेपरवेट आहे?” आम्ही दोघंही सारखेच हट्टी, त्यामुळे प्रश्न तिथंच राहायचा.

वस्तू म्हणून मात्र ते मला फार आवडतं. आजकालची पिस्तुलं सपाट आणि काळी असतात, हातात घेतली तर टीव्हीचा रिमोट धरल्यासारखं वाटतं. हे जड आहे, जाड नळीचं आहे, मुठीच्या तळाशी दोरी अडकवायची कडी आहे. वरचा खटका दाबला की ते बिजागरीवर मधोमध उघडतं आणि चक्रातली काडतुसं एकदम वर उचलली जाऊन बाहेर पडतात. त्याची गोळीही मोठी आणि तिच्या मानानं सावकाश जाणारी. लहान पिस्तूल उडवलं की हाताला चापट बसते. हे चापट मारत नाही, खांद्यापर्यंत ढकलतं, गर्दीत एखाद्या धिप्पाड माणसानं वाट मागावी तसं. काडतुसं मिळणं दुर्मीळ, त्यामुळे महिन्यातून एकदा जायचं, थोड्याच गोळ्या झाडायच्या आणि उरलेल्या जपायच्या. तेवढ्यानं माझा महिना बरा जातो. नववीच्या वर्गाला बीजगणित शिकवणाऱ्या कुणालाही हे समजेल.

त्याच्या नळीवर एका बाजूला रंग उडून पांढुरका पट्टा पडला आहे. तो आईचा. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला घरातली शस्त्रं पूजेसाठी घासून ठेव, असं अप्पा तिला सांगून बाजारात फुलं आणायला गेले. आमच्या घरात शस्त्रं म्हणजे विळा, खुरपं, अडकित्ता आणि हे. आईनं सगळी एका ओळीत मांडली आणि चिंच लावून घासली. विळा लखलखीत झाला. रिव्हॉल्वरचा निळसर काळा मुलामा चिंचेनं खाल्ला. अप्पा परत आले आणि बराच वेळ पाटावर नुसते बसून राहिले, असं आई अजून हसत सांगते. सरकारी हत्यार होतं तेव्हा ते, वर खुलासा काय द्यायचा? त्यांनी काय दिला ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.

तेव्हापासून नवमीची पद्धत ठरली. अप्पा देवासमोर बसतात, रिव्हॉल्वर उघडून काडतुसं पितळी ताटलीत पाडतात. या जातीच्या रिव्हॉल्वरला एक खोड आहे. उघडताना एखादं काडतूस पुरतं बाहेर न पडता परत चक्रातल्या आपल्या घरात घसरतं. म्हणून ताटलीतल्या आवाजावर विसंबायचं नाही, प्रत्येक घर डोळ्यांनी बघायचं. स्वतः बघायचं, मग दुसऱ्या माणसाला दाखवायचं, आणि त्या दुसऱ्या माणसानं ‘खाली’, म्हणजे रिकामं, असं मोठ्यानं म्हणायचं. हा त्यांच्या नोकरीतला नियम. घरात तो दुसरा माणूस आई. तिनं ‘खाली’ म्हटल्याशिवाय हळदकुंकवाचं ताट पुढे यायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, हा पूजेचाच मंत्र आहे.

यंदाच्या नवमीला कोठीच्या बाजारातून आणलेला झेंडू मी ओवत बसले होते. अप्पांनी रिव्हॉल्वर उघडलं, काडतुसं ताटलीत वाजली आणि त्यांनी ते तसंच आईपुढे धरलं. स्वतः बघितलं नाही. आईनं वाकून पाहिलं. मग तिनं दोन बोटांनी चक्रातून काहीतरी उचललं, ओच्यात टाकलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “खाली.” अप्पांनी कुंकू लावलं, फूल वाहिलं, नमस्कार केला. माझी सुई बोटात गेली.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. “काडतूस होतं ना?”

“हळू बोल. होतं. काढलं मी.” तांदळातला खडा काढल्याचं सांगावं तशी ती बोलत होती.

“आणि त्यांना सांगायचं नाही?”

“नक्को. सणाच्या दिवशी कायको परेशान करतीस त्यांना?”

मी हटले नाही, तेव्हा हळूहळू बाकीचं बाहेर आलं. अप्पा चहा करून गॅस तसाच ठेवतात, ती मागून जाऊन बंद करते. मागच्या महिन्यात चष्मा दुरुस्त करायला ते एकटेच कोठीला गेले आणि घरचा रस्ता त्यांना सापडेना. ओळखीच्या एका दुकानदारानं रिक्षात बसवून पाठवलं. मला आईनं सांगितलं होतं की ऊन फार होतं म्हणून रिक्षानं आले. मी संतापले. एका घरात राहून हे मला कळू नये? आणि पलीकडच्या खोलीत त्याच माणसाजवळ भरलेलं हत्यार?

“तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्यावर आवाज चढवला असतास,” आई म्हणाली. हे काही खोटं नव्हतं. मी दार आपटून बाहेर आले. त्यातच तिचं म्हणणं सिद्ध झालं.

मी ठरवलं, रेंजवर सांगायचं. तिथं हत्याराचा विषय हत्याराचाच राहतो, म्हातारपणाचा होत नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघं शहराबाहेर, त्या मोठमोठ्या धोंड्यांच्या मधल्या रेंजवर गेलो. तिथला राखणदार अप्पांना ओळखतो. “सलाम बडे साब, लाओ कुर्सी लगाता हूं,” म्हणत त्यानं प्लास्टिकची खुर्ची नेहमीच्या जागी, माझ्या उजव्या खांद्यामागे मांडली. मनगटं दुखतात म्हणून अप्पा स्वतः आता झाडत नाहीत, मागं बसून मला झाडायला लावतात.

आणि त्या दिवशी ते इतके नेटके होते की माझंच धैर्य गळालं. रिव्हॉल्वर उघडलं, एकेका घरात डोकावले, करंगळीचं टोक फिरवलं, मला दाखवलं. मी पहिली गोळी झाडली, ती खाली गेली. “मनगटानं भांडू नको,” ते म्हणाले. “ते ढकलतंय ना, ढकलू दे. मग आपलं आपण खाली येतंय. जल्दी कशाची?” दुसरी मधोमध लागली. शेजारी एअर पिस्तूल चालवणारी कॉलेजची मुलं कानांवर हात ठेवून बघत होती. अप्पा खूश होते. मला वाटलं, एकदाच चुकलं असेल. कुणाचंही चुकतं. कशाला बोला? आईसारखा विचार करायला मला अर्धा तासही लागला नाही.

झाडून झाल्यावर मी रिव्हॉल्वर पुसून उघडं ठेवलं. अप्पा उठले, पेटीतून उरलेली काडतुसं काढली आणि घरी न्यायला ते भरायला लागले.

“भरू नका, अप्पा.”

“का?”

“नवमीला एक आत राहिलं होतं.”

त्यांचा हात थांबला. मला वाटलं होतं ते चिडतील, नाही म्हणतील. ते खुर्चीवर बसले. “कुणी पाहिलं?”

“आईनं.”

“ती तर खाली म्हणाली.”

“काढून मग म्हणाली.”

त्यांनी हातातली काडतुसं पेटीत परत ठेवली. नोकरीत असताना एका शिपायानं दुसऱ्याची अशीच चूक झाकली होती, तेव्हा त्यांनी त्या झाकणाऱ्याला आधी धरलं होतं, ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. त्या दिवशी त्यांनी ती सांगितली नाही. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी करगोट्याची किल्ली सोडून माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला ती किल्ली कित्येक वर्षं हवी होती. मिळाली तेव्हा मात्र गाडी बाजूला घेऊन रडावंसं वाटलं. मागून हॉर्न वाजवणाऱ्या एकाला खिडकीतून चार शब्द ऐकवले, त्यानं थोडं बरं वाटलं.

घरी आई टेबलाशी मेथी निवडत होती. अप्पा चपला काढून तिच्यासमोर बसले. मी रिव्हॉल्वर आत ठेवायला निघाले होते, पण दारातच थांबले.

“नवमीचं काडतूस तू काढलंस,” ते म्हणाले.

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माझ्यासाठी बरंच होतं. “हो.”

“आणखी काय काय काढलंस मागून?”

“काही नाही हो. एवढंतेवढं.”

“सांग.”

तिनं गॅसचं सांगितलं. कोठीचं सांगितलं. अप्पा मान हलवत होते, मधेच एकदा “ते आठवतंय मला,” म्हणाले. आई मेथीची पानं खुडत राहिली. जुडी संपली तरी तिची बोटं देठांशी चाळा करत होती. मग खाली बघतच म्हणाली, “परवा सकाळी तुम्ही मला अक्का म्हणून हाक मारली.”

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तिला जाऊन खूप वर्षं झाली. हे आईनं मलाही सांगितलेलं नव्हतं.

अप्पांनी विचारलं, “मग तू काय केलंस?”

“ओ दिली.”

मला पुढे व्हावंसं वाटलं, पण तिथं माझं काही काम नव्हतं. अप्पांनी टेबलावरची देठं हातानं एका बाजूला सारली.

“पुढच्या वेळी ओ देऊ नको,” ते म्हणाले. “मला सांग, मी अक्का नाही म्हणून. तिथंच सांग.”

“मला भीती वाटते हो,” आई म्हणाली.

“मलाही वाटते,” अप्पा म्हणाले. “तरी सांग.”