काकीची आढी आणि माझी

माझी लेक चौथीत होती आणि रोज शाळेत काहीतरी विसरून यायची. कधी डबा, कधी कंपास, एकदा तर दप्तरच. बाईंनी मला बोलावून सांगितलं, हुशार आहे, पण हातातलं काम शेवटाला नेत नाही. घरी थोडी जबाबदारी द्या.

जबाबदारी कशी द्यायची हे माझ्या थोरल्या जाऊबाईंना बरोबर ठाऊक होतं. त्या शेजारच्याच घरात राहतात. हापूस उतरवला की त्यांच्या पडवीत आढी लागते, म्हणजे कच्चे आंबे पेंढ्यात रचून पिकायला ठेवतात. त्या वर्षी त्यांनी ती आढी माझ्या लेकीवर सोपवली. आंबे वरखाली करायचे, डागी बाजूला काढायचे, पिकलेला वासावरून ओळखायचा, दाबून बघायचा नाही. आणि जिला पाण्याची बाटली भरायला मी सतरांदा सांगते, ती ही पोरगी शाळेतून आली की थेट तिकडे. कुणी न सांगता!

मी दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडून बघायचे. जाऊबाई पायरीवर लसूण सोलत नुसतं विचारायच्या, "काय गो, काय म्हणतायत आंबे?" की ही सगळं भरभरून सांगायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पोर माझी आणि तिचं शहाणपण मात्र यांच्या पडवीत.

मग मीही आढी लावली. मागच्या खोलीत, जाऊबाईंपेक्षा मोठी. "ही तुझी हं," म्हटलं. पण सकाळी आठवण, दुपारी आठवण, खालचे बघितलेस का, हात धुतलेस का. थोड्याच दिवसांत ती वैतागली. "तूच बघ ना, तुलाच सगळं कळतं," म्हणाली आणि गडगा ओलांडून गेली. मला रडू आलं, ते रागाचंच होतं.

त्यानंतर मी तोंडाला कुलूप लावलं. वास घरभर झाला, चिलटं घोंगावू लागली. नवरा म्हणाला, "अगं, नासतायत ते." म्हटलं, नासू देत. हात मात्र शिवशिवत होते.

एका संध्याकाळी ती खेळून आली, दारातच थबकली, नाक वर केलं आणि सरळ मागच्या खोलीत गेली. मी ओट्यापासून हललेही नाही. बराच वेळ पेंढ्याची सळसळ ऐकू येत होती. शेवटी हळूच डोकावले. नासके बादलीत, कच्चे पुन्हा पेंढ्यात, चांगले टोपलीत, आणि ही खाली सांडलेला पेंढा झाडून काढत होती. माझा ऊर भरून आला.

सगळं आवरून ती बाहेर आली, तेव्हा हातात टोपलीतला सगळ्यांत देखणा आंबा होता. मी ओले हात पुसत पुढे झाले.

"थांब हं आई," ती चप्पल शोधत म्हणाली, "आधी काकीला दाखवून येते."