मुठीतली गोगलगाय

कनेरगाव नाक्यावर बसची वाट बघत होतो. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायला एक पांढऱ्या मिशांचा माणूस चिंचेवर चढला होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

घाव घालण्याआधी तो कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने फांदीवर दोनदा ठोकायचा. एका फांदीवर ठोकताच बुलबुलाच्या जोडीने असा गोंधळ घातला, की त्याने ती फांदी सोडूनच दिली. पुढच्या फांदीवर कोणी ओरडलं नाही. तरी कुऱ्हाड अडकवून ठेवून तो सालीवरून हळूहळू तळवा फिरवत बसला.

“आता काय शोधता, मामा?”

“गोगलगाय. पैले झाडाझाडाला असायच्या, आता दिसून न्हाई राहिल्या. बुलबुल गावभर हाय, अन् वरून बोंबलतो बी. हिला तोंडच न्हाई, मंग आपल्यालाच बघावं लागतं.”

खाली उतरून त्याने एक पट्टेरी, बोटाच्या पेराएवढी गोगलगाय माझ्या तळहातावर ठेवली.

“धरा जरा. पाणी आणतो. ओल्या सालीला चिकटती, मंग त्या पल्याडच्या चिंचेला लावू.”

तो पाण्याला गेला आणि नेमकी बस आली. मी सवयीने पळालो. कंडक्टर तिकीट द्यायला आला तेव्हा मूठ उघडली, तर ती आतच.

दुसऱ्या दिवशी तिला रुमालात घेऊन गेलो. तो पल्याडच्या चिंचेवर होता. मला बघून मिशीत हसला.

“बसमधी बोंबलली न्हाई ना?”

“नाही,” मी म्हणालो. “म्हणून तर परत आणली.”