झोपाळ्याच्या कड्यांचा बंपर

संस्थान विलीन झालं आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. हे, म्हणजे माझे यजमान, तोवर जव्हारला संस्थानच्या मोटारी चालवायचे. मोटारी गेल्या तशी नोकरीही गेली. मग एका लाकडाच्या ठेकेदाराची जीप हाती आली, लढाईत वापरलेली, लिलावात घेतलेली, आणि आम्ही खोडाळ्याला दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. माझं माहेर केळव्याचं. वडिलांनी भांड्यांबरोबर झोपाळाही पाठवला होता, शिसवी पाट आणि अंगठ्याहून जाड सळ्यांच्या चार लांब कड्या. तो टांगताना हे म्हणाले, "रोज दिवेलागणीला दोघं बसू यावर."

कपाळ माझं! दोघं कुठली बसतायत? जंगलातल्या कूपाची, म्हणजे लाकूडतोडीच्या पट्ट्याची, वाट म्हणजे नुसते दगड आणि ओहोळ. जीपचा मूळचा बंपर कधीच कुठल्याशा खडकानं उपटून नेला होता. त्यामुळे पुढचा धोंडा सरळ जाळीवर आदळायचा, रेडिएटर फुटायचा आणि गाडी तिथेच बसायची. मग कुणाचे तरी बैल मिळेपर्यंत हे तिकडेच. मी इकडे दिवा लावून झोपाळ्यावर बसायची, अगदी मधोमध, कारण एका बाजूला बसलं की पाट कलतो.

शेजार चांगला होता, पण सगळ्या बाया सकाळीच नागलीच्या शेतावर जायच्या. संध्याकाळी आपापसात घरच्या बोलीत बोलायच्या, मला निम्मं कळायचं नाही. मी बोलले की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. माझी केळव्याची बोली त्यांना गाण्यासारखी वाटायची म्हणे. हसू दे बापड्या. पण दिवसभरात धड चार वाक्यं बोलायला माणूस नाही, हे फार वाईट असतं. मी कड्यांची करकर ऐकत बसायची. तेलसुद्धा घालायची नाही त्यांना, तेवढाच आवाज घरात.

म्हणून ह्यांनी बंपर स्वतःच करायचं ठरवलं, तेव्हा मला केवढा आनंद झाला! बंपर झाला की गाडी अडणार नाही, आणि गाडी अडली नाही की माणूस दिवेलागणीला घरी. सरळ हिशेब होता माझा.

पहिल्यांदा पाण्याचा जुना पाइप आणला. पहिल्याच धोंड्यानं तो दुधी भोपळ्यासारखा चेपला आणि वाकून आत रेडिएटरवर बसला. मग कुठूनसा रुळाचा तुकडा आणला. दोन गड्यांनी उचलून आणला, यावरून काय ते समजा. तो लावल्यावर जीपनं नाकच टेकलं. ओहोळातून वर चढेचना, वर पुढच्या स्प्रिंगचा पाटा मोडला. मग ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. हे म्हणाले, याच्याइतकं कडक लोखंड नाही. बोल्टाच्या भोकापाशी तो काचेसारखा तडकला. "जळ्ळं मेलं तुमचं लोखंड!" मी म्हणाले.

पण खरं सांगू? ते दिवस माझे सुखाचे होते. गाडी बंद, त्यामुळे हे घरी. एरवी मूग गिळून जेवणारा माणूस, पण लोखंडावर भडाभडा बोलायचा. "अगं, कडक नको, कडक तुटतं आणि मार आत चासीपर्यंत पोचवतं. पोकळ नको. फार जडही नको. भरीव हवं पण मऊ हवं, धक्का आपल्या अंगावर घेऊन वाकणारं. वाकलं तर ठोकून सरळ करता येतं." आम्ही दोघं झोपाळ्यावर बसून हेच बोलायचो. नवरा-बायको दुसरं काही बोलतात, आम्ही लोखंड बोलायचो. मला तेही चालत होतं.

अशाच एका संध्याकाळी बोलता बोलता ते थांबले. कडीवर हात ठेवून ती बोटांनी चाचपत राहिले. मीच म्हणाले, "घ्या काढून."

"वेडी आहेस का? माहेरचा झोपाळा तुझा."

"झोपाळ्यावर बसायला माणूस तर घरी येऊ दे. पाट काय, दोरावर बांधू."

दुसऱ्या दिवशी लोहाराच्या भात्यापाशी मी स्वतः गेले. त्यानं एक कडी तापवून वाकवून पाहिली, परत सरळ केली आणि म्हणाला, "बाय, हा जुना लोखंड हाय, याला जीव हाय." चारही कड्या एकत्र लाल करून त्यानं आणि ह्यांनी आळीपाळीनं घण मारले आणि त्यांची एकजीव पट्टी केली, चार बोटं रुंद. मला रडू आलं. धुरानं आलं म्हणून सांगितलं.

बंपर असा झाला की काय सांगू! त्याच आठवड्यात जीप खडकावर गेली, बंपर धनुष्यासारखा वाकला, आणि हे दिवेलागणीला घरी हजर. लोहारानं तो ठोकून सरळ केला. गाडी परत चालू.

गाडी आता कुठेच अडत नाही हे ठेकेदाराच्याही लक्षात आलं. त्यानं ह्यांना मोखाड्यापलीकडे, त्र्यंबकच्या अंगाला, लांबच्या कूपांवर धाडलं. आधी आठवड्यानं यायचे, मग पंधरवड्यानं. झोपाळ्याचा पाट भिंतीला टेकून उभा होता. दोरावर बांधू म्हटलं होतं खरं, पण दोर बांधायला माणूस घरी हवा ना! घरात करकरसुद्धा राहिली नाही.

एकदा असेच दुपारचे आले. जीप अंगणात उभी केली. मी चहा बाहेरच नेला आणि जाऊन बंपरवर बसले. "अगं, कपडे खराब होतील," म्हणत तेही शेजारी बसले.

"हलवा की जरा," मी म्हणाले.

ह्यांनी जमिनीला पाय लावून रेटा दिला. मीही दिला. जीपचं नाक स्प्रिंगांवर किंचित खाली गेलं, वर आलं. परत खाली, परत वर. चहा सांडला. आम्ही इतकं हसलो की शेजारच्या बाया दारात आल्या.

चहा संपला. पहाटे निघायचं म्हणून ते आत जाऊन आडवे झाले. मी तिथेच बसून राहिले, आणि पाय रेटून एकटीनं हलवून पाहिलं. जीप हलली नाही.